फिरती बकेट अन् दोन भावांचा बांध

मशीनवाल्यांनो, ती वाकणारी अन् गोल फिरणारी बकेट घ्यावी का, असं गटात रोज कुणीतरी विचारतं. आज आमच्या पोकलेनवर काय झालं ते ऐका.

मी हट्टानं ती बकेट घेतली तवापासून आमचे हे डोकं खातेत. आज सकाळी म्हणले, "आजच्या कामाला उपयोग न्हाई झाला तर विकून टाकतो."

काम चौसाळ्याजवळ. धाकट्या भावाला बांधाला लागून पाइपलाइन गाडायची होती. साध्या बकेटनं चर खांदायचा तर मशीन चराच्या रेषेतच उभी करावी लागती, म्हंजी चाकांवरची एक चेन थोरल्या भावाच्या तुरीत जाती. अन् थोरला काठी घेऊन बांधावर बसलेला.

"चेन हिकडं आली तर काचा फोडीन!"

मी म्हणलं, "बसा गुमान दादा. तुमच्या तुरीत आमचं काय काम?"

आमचे ऑपरेटर सलीमभाई. त्यांनी मशीन धाकट्याच्याच रानात लावली, बकेट आडवी फिरवली अन् बांधाच्या कडंनं चर सरळ नेला. तुरीचं एक पान हाललं न्हाई.

थोरला उठून जवळ आला. "अक्का, उद्या माझ्या दुसऱ्या बांधाला जमंल का? पलीकडं चुलता हाय."

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनीच हो म्हणलं. विकायचं नाव काढलं न्हाई परत.

खरं सांगते, उघड्या माळावर ही बकेट नुसती मिरवायला हाय. पण तुमच्या गावात एकमेकाशी न बोलणारे भाऊ किती हायेत? ते आधी बघा, मग ठरवा.