आईच्या घराची तपासणी

आई गेल्यावर तिचं घर बंद ठेवणं मला पटेना आणि तिथं झोपणं जमेना. मी बालाघाट शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. शेवटी बैहरच्या रस्त्यानं जंगल बघायला जाणाऱ्या पर्यटकांना ते एक-दोन रात्रींसाठी द्यायला लागले.

मग घरपट्टीसाठी नगरपालिकेचं पत्र आलं. वापर निवासी की व्यावसायिक? घरचं कोणी तिथं राहत असेल तर निवासी, नाहीतर दुकानांच्या रांगेत. आईच्या घराला दुकान म्हणवेना. ‘निवासी’वर खूण केली आणि तपासणीच्या आदल्या दिवशी, आई राहते असं दिसावं म्हणून, यादी करून कामाला लागले: उशाशी चष्मा, दोरीवर लुगडं, दाराशी चपला, गॅसजवळ डाळीचा डबा. आईची पेटी तिथंच होती, त्यामुळे सगळं तिच्यातूनच निघालं. काम संपल्यावर मागे वळून बघितलं. आईला दवाखान्यात नेलं त्या सकाळी खोली अशीच होती. मी दिवा न मालवताच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या बाबूनं सगळं नीट पाहिलं.

“माताजी राह्यतात वाटते इथं?”

“हौ,” मी म्हणाले.

“कुठी गेल्या जी?”

“बजारात. येतीलच.”

“मंग थांबतो. सही त्याह्यचीच घेतो.”

मी चहा ठेवला. तिघांचा. बाबू मोबाइल बघत बसला आणि मी रस्त्याकडे कान लावून. तिला यायला एवढा उशीर का होतोय, असं मनात येऊन गेलं. खरंच आलं. फाटकाची कडी वाजली तशी मी धावत जाऊन दार उघडलं. “किती वेळ लावला,” हे शब्द तोंडातून निघूनही गेले होते.

शेजारच्या काकू होत्या. दचकल्या.

“काहून वो पोरी, कोणाची वाट पाहून राह्यली? चेहरा पाह्य जरा आरशात!”

मी आत आले. बाबू उठून उभा होता. त्यानं ऐकलं होतं.

“व्यावसायिक लिहा,” मी म्हणाले. “इथं कोणी राहत नाही.”

“कधीपासून?” त्यानं हळूच विचारलं.

मी तारीख सांगितली. त्यानं ती रकान्यात लिहिली आणि सहीसाठी कागद माझ्याकडे फिरवला.