पाइपलाइनवाल्यानं बनवलेली भाजीची गाडी

तुमाले हे सांगू का नको, याचाच इतके दिवस विचार करून राहिलो होतो. पण समोरच्या मिश्राजींनी साऱ्या सेक्टरात डंका पिटलाच आहे, तर आता माझ्याच तोंडून ऐका. चहा ओता. आणि हसायचं असंन तर कप खाली ठेवून हसा, मागच्या वेळी सोफ्यावर सांडला होता.

तर झालं असं की मी रिटायर झालो. सारी नोकरी इथल्या पोलादाच्या प्लांटच्या पाइपलाइनीवर गेली माझी. आता घरात पाइपलाइन असून असून किती असंन? एक किचनची, एक बाथरूमची. त्या मी इतक्यांदा खोलल्या की शोभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एक दिवस हातच जोडले.

"बस करा जी! तुमाले काम पायजे ना? मी देते काम."

काम खरंच होतं. जवळच्या कुरुद गावची दुलारी ही शोभाची मैत्रीण. तिच्या घरामागं भाजीची बाडी आहे. लाल भाजी, चना भाजी, मेथी, देसी टमाटर... काय माल आहे, बाप्पा! पण सारा जाते कोचियाच्या घशात. कोचिया म्हणजे दारावर येऊन माल उचलणारा दलाल. तो म्हणंन तो भाव. शोभाच्या मनात आलं, आपण एक गाडी बनवू, पहाटे तोडलेली भाजी सकाळी सेक्टरात दारोदार नेऊ. दुलारी काही तयार होईना. शोभा मागं लागली लागली, तेव्हा कुठं ती हो म्हणाली. तेही अट घालून.

"एक दिन देखहूं दीदी. नइ बेचाही, त काली ले फेर कोचिया."

म्हणजे एकच दिवस! भाजी विकली नाही तर उद्यापासून पुन्हा तो कोचियाच. शोभानं छातीठोक शब्द दिला. आणि मी बाजूलेच बसलो होतो.

"गाडी मी बनवतो!" मी म्हणालो.

इथंच कोणी तरी माझ्या तोंडात बोळा कोंबायले पायजे होता.

एक जुना लोडिंग ऑटो घेतला आणि जामुलच्या वेल्डरकडं नेला. त्याच्या मागच्या डब्याचे दोन भाग केले. एका भागात पाण्याचा फवारा, पालेभाजी ताजी राहावी म्हणून. दुसऱ्यात पंखा, आलू-टमाटर कोरडे राहावे म्हणून. दोन्हीले वरून उघडणारी झाकणं. पाणी जायले खाली नळी. आणि धुवायले सोपं जावं म्हणून अख्खा डबा मागं कलते! आहे का नाही डोकं?

मग आला रंग.

शोभा म्हणाली, "पिवळा नाही तर लाल, काही तरी छान द्या जी."

"रंग छान नसते शोभा, रंग बरोबर असते!"

प्लांटमधे पाण्याच्या पाइपले हिरवा, हवेच्या पाइपले निळा. झोपेतून उठवून विचारा, हेच सांगीन. मग फवाऱ्याचा भाग हिरवा, पंख्याचा भाग निळा. अर्धी गाडी हिरवी, अर्धी निळी!

तुमी आत्ताच हसून राहिले? थांबा ना. आता कुठं रंग वाळला.

सेफ्टी राहिली की! शोभा आणि दुलारी, दोघींले चमकणारी जाकिटं आणली. हातमोजे आणले. मी स्वतः हेल्मेट घातलं. आणि दुलारीच्या गळ्यात सीटी अडकवली. प्लांटमधे गाडी मागं घेतली की एक माणूस सीटी मारतेच, त्याच्याशिवाय गाडी हलत नाही.

शोभा जाकिटाकडं पाहून म्हणाली, "भाजी विकायले चाललो का भट्टी दुरुस्त करायले?"

"तुले नाही समजायचं ते."

थंडीचे दिवस. सकाळी सकाळी आमी आमच्याच गल्लीत आलो. भाजीवर दुलारीनं पोती अंथरली होती, त्यामुळं वरून पाहिलं तर पोत्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. मी गाडी मागं घेत गल्लीत घातली. दुलारीनं सीटी मारली. फुर्रर्र! फुर्रर्र!

आणि काय सांगू! पटापट फाटकं उघडली. गाऊनवर शाली गुंडाळलेल्या बाया धावतच येऊन राहिल्या. मी आरशात पाहतच राहिलो.

"पाय शोभा, गाडी पाहूनच लोक कसे पळून राहिले!"

"पण त्यायच्या हातात बादल्या कावून आहेत जी?"

"अव, प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्या ना. लोक सुधरले आता."

मी ऐटीत उतरलो आणि दोन्ही झाकणं खटाखट उघडली. पहिली बाई आली. कोपऱ्यावरच्या वर्मा भाभी. त्यांनी बादली उचलली आणि धप्प! चहापत्ती, केळीची सालं आणि रात्रीची कढी, सारं हिरव्या डब्यात!

"अहो! अरे! रुको, रुको!"

"रुको क्या? दो दिन से गाड़ी नहीं आई, घर में बास मार रहा है!" भाभी माझ्यावरच तापल्या.

तोपर्यंत मागून आणखी बादल्या. धप्प, धप्प! आणि लोक किती शिस्तीचे म्हणता! ओला कचरा बरोबर हिरव्यात, सुका कचरा बरोबर निळ्यात. एरवी कोणी पाळत नाही हे, त्याच दिवशी साऱ्या गल्लीले अक्कल आली. मी दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा झालो, तर एकीनं माझ्या हातातच डायपरची पिशवी दिली.

इतक्यात मिश्राजी आले. खांद्यावर फाटकी गादी.

"भैया, यह भी ले जाओगे ना?"

माझं टाळकं सटकलं. "मिश्राजी! आँखें हैं कि बटन? सब्ज़ी की गाड़ी और कचरे की गाड़ी में फ़र्क नहीं दिखता?"

त्यांनी वाकून हेल्मेटच्या आत पाहिलं. "अरे, वानखेडे साहब! आप?" मग आवाज खाली केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रिटायरमेंट के बाद यह काम पकड़ लिया? अच्छा है, अच्छा है. कोई काम छोटा नहीं होता."



मी दुलारीकडं पाहिलं. तिनं सीटी तोंडातून काढली आणि डब्यात डोकावली. अंधारात उठून, थंडीनं आखडलेल्या बोटांनी तोडलेली भाजी होती ती. शोभाच्या डोळ्यात पाणी आलं. मले इतकं वाईट वाटलं की त्या क्षणी कोणी म्हणालं असतं ना, तर मी स्वतःच त्या डब्यात बसलो असतो.

आणि याच घडीले खरी कचरा गाडी आली. अर्धी हिरवी, अर्धी निळी! तसंच जाकीट, तसेच हातमोजे, गळ्यात तशीच सीटी. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या, जुळ्या बहिणी नुसत्या! तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज दारावरून जाणारी गाडी, आणि मी तिचा रंग कधी धड पाहिलाच नव्हता. कचरा टाकायचं काम शोभाचं ना!

त्या गाडीवरची दीदी, कचरा नेणाऱ्या बाईले इथं दीदीच म्हणतात, कमरेवर हात ठेवून आली. "ए! हमर लाइन मा कइसे खुसर गेव?" आमच्या लाइनीत कसे घुसले म्हणे!

शोभानं तिले सारं सांगितलं. दीदी आधी पोट धरून हसली. मग तिनं आमचं झाकण लावून-उघडून पाहिलं, नळी पाहिली, डबा जरासा कलवून पाहिला.

"ढक्कन घलो हे, नली घलो हे! बने गाड़ी बनाय हव साहब. हमन ला अइसने गाड़ी देना रहिस." म्हणजे झाकणही आहे, नळीही आहे, अशी गाडी तर आमाले द्यायले पायजे होती!

सारी नोकरी झाली, माझ्या डिझाइनचं इतकं मनापासून कौतुक कोणी केलं नव्हतं. आणि केलं कोणी, तर कचरा गाडीवालीनं!

शोभानं डोळे पुसले. हिरव्या डब्यातल्या पोत्याचे चार कोपरे धरले आणि कचऱ्यासकट पोतं दीदीच्या गाडीत. मग निळ्यातलं. आत पाहिलं तर वरचा एक क्रेट कढीनं गेला होता, बाकी सारी भाजी टवटवीत!

"देखो बहनजी, आज सुबह की तोड़ी हुई! सीधे कुरुद से!" शोभानं हाक घातली.

गल्ली तर बाहेरच उभी होती. वर्मा भाभींनी पहिली लाल भाजी घेतली, कढी त्यांची होती म्हणून दोन जुड्या जास्तच घेतल्या. दीदीनंही मेथी घेतली. घरोघरचा चहा व्हायच्या आत गाडी रिकामी!

दुलारीनं रिकाम्या डब्यात दोनदा डोकावून पाहिलं. मग शोभाले हळूच म्हणाली, "दीदी, काली चना भाजी जादा लानहूं." म्हणजे उद्या चना भाजी जास्त आणते!

शोभानं तिले मिठीच मारली. मले कोणी मारली नाही.

त्याच दिवशी गाडीच्या डिझाइनमधून माझी हकालपट्टी झाली. शोभानं साऱ्या गाडीले वांग्याचा रंग दिला, जाकिटं काढली, सीटी काढली आणि ड्रायव्हर ठेवला. आणि तिचं डोकं पाहा! ती रोज कचरा गाडीच्या मागोमाग भाजीची गाडी नेते. सीटी दीदीची, गिऱ्हाईक हिचं! माझ्याकडं एकच काम उरलं, घरची कचऱ्याची बादली बाहेर नेऊन टाकायची.

आता मागच्या आठवड्यातली गोष्ट. बाहेर हे धुकं! चष्मा सापडेना. सीटी ऐकू आली, मी बादली उचलली आणि पळालो. समोर गाडी, झाकण उघडं. धप्प!

 मग धुक्यातून दुलारीचा आवाज आला.

"साहब... तुमन घलो?" म्हणजे, तुमी पण?

आणि समोरच्या फाटकातून मिश्राजी, जे त्या दिवसापासून याच घडीची वाट पाहून राहिले होते, ओरडले, "वानखेडे साहब! आँखें हैं कि बटन?"

दुसऱ्या दिवशी शोभानं गाडीवर मोठ्या अक्षरात पाटी लावली, 'यह कचरा गाड़ी नहीं है'. एकाच बाजूनं लावली, आमच्या फाटकाकडच्या.