तीन टिंबांचा मिस्त्री

चुडामण मिस्त्रीचं नाव निघालं की लोक माझ्याकडे बघतात. बघा की! मी काय कुणाचं खाल्लंय? भुसावळहून यावलकडे जाताना तापीचा पूल ओलांडला की डाव्या हाताला जी शेड लागते, तिच्यावर आज माझी पाटी आहे आणि आत माझं चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन आहे. दोन वर्षांपूर्वी ती त्याची शेड होती. एवढंच झालंय. पण विचारताच आहात तर सगळं ऐका. अर्धवट ऐकून तोंड वाकडं करून जाऊ नका.

माणूस मूळचा नरडाण्याकडचा, सगळे नाना म्हणायचे त्याला. विशीत भुसावळला आला आणि लष्कराच्या लिलावातल्या जुन्या जीपा खोलता-जोडता हात बसला. पाटे, बुश, शॉकअप, बॉल जॉइंट, म्हणजे गाडीच्या पायांचं काम तेवढं करायचा. इंजिनाला हात लावायचा नाही. "इंजिननं बठ्ठा ऐकतस, पायस्नं कोन ऐकी?" असं म्हणायचा, म्हणजे इंजिनाचं सगळेच ऐकतात. चाळीस वर्षं इकडे काढली, पण बोली तिकडचीच राहिली.

आणि कान! बापरे, काय कान होता. गाडी पुलावरून उतरते न उतरते तोच हा शेडमध्ये बसल्या बसल्या सांगायचा, "उजवा खालचा गया." गिऱ्हाईक येऊन थांबायचं, जॅक लागायचा, आणि उजवा खालचाच सांधा गेलेला असायचा. तेव्हा माझं दुकान मागच्या गल्लीत होतं. कर्ज काढून मशीन आणलेलं, त्यात दिवे लागतात, आकडे येतात. तरी लोक मला म्हणायचे, "एकदा नानांना ऐकवून घेऊ, मग बघू." डोक्यात जायचं हो! पोटात दुखायचं म्हणा, मला लाज नाही सांगायला.

त्याची एक रीत होती. कुठलाही नवा भाग बसवायच्या आधी तो ऐरणीवर ठेवायचा आणि टोकदार पंच धरून हातोडीनं त्यावर तीन टिंबं मारायचा. ठक, ठक, ठक. पुढे गाडी परत आली की खाली शिरून अंगठा फिरवायचा. टिंबं लागली तर काम आपलं, दोष आपला. मग एक शब्द न बोलता पुन्हा करून द्यायचा. जुने काढलेले भाग घमेल्यात ठेवून मालकाला दाखवायचे, हीही रीतच. या दोन गोष्टींवर त्याचं सगळं नाव उभं होतं.

जागा मात्र त्याची नव्हती. पलीकडच्या गावातले केळीवाले योगराज आबा, त्यांनी ती त्याला वापरायला दिली होती. आबा गेले. मग मी त्यांच्या मुलाच्या, हितेंद्रच्या मागे लागलो. रस्त्यावरची जागा, माझं मशीन, तुमचंही नाव होईल, सगळं सांगून पाहिलं. तो एकदाच बोलला, "नानांचं काम बिघडलेलं मला एकदा दाखव, दुसऱ्या दिवशी जागा तुझी. तोवर हा विषय काढायचा नाही."

काम बिघडणार कसं? मी वाट बघत बसलो. आणि एक दिवस लक्षात आलं. मी त्याच्या शेडवर बसलो होतो, चहा आला होता. नाना ग्लासकडे हात न्यायचा तो आधी बाकावर टेकवायचा, मग सरकवत सरकवत ग्लासापर्यंत. मी दुसऱ्या दिवशी गंमत केली. रिकामा ग्लास पुढे ठेवला आणि म्हटलं, "घ्या नाना, गरम आहे." त्यानं उचलला, फुंकर मारली आणि ओठाला लावला. वजनावरून तरी कळायला हवं होतं, पण बोलण्याच्या नादात होता. मग ओशाळून हसला. "मस्करी करस का?" मी पण हसलो. डोळे गेले होते त्याचे. पूर्ण नाही, पण उजेड-अंधार आणि माणसाचा आकार, एवढंच उरलं असावं. सगळं काम बोटांवर चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता.

मी कुणाला सांगितलं नाही. नुसतं सांगून काय होणार? लोक म्हणाले असते, डोळे गेले तर गेले, काम तर बरोबर आहे ना!

मग आबांची जीप आली. फोर बाय फोर, तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. पावसाळ्यात केळीच्या बागेतल्या काळ्या चिखलात दुसरी गाडी रुतून बसते, ही निघते, म्हणून हितेंद्रनं ती विकली नव्हती. आणि त्याची आई, मंदाबाई, नवऱ्याची गाडी म्हणून दुसऱ्या कशात बसायची नाही. दुसऱ्या दिवशी तिला बोदवडला बहिणीकडे जायचं होतं. पुढचे चारही बॉल जॉइंट ढिले झाले होते. बॉल जॉइंट म्हणजे चाक ज्या गोळ्यावर वळतं तो सांधा. तो निसटला की चाक आडवं पडतं आणि धावती गाडी नांगी टाकते. थट्टेचं काम नाही ते.

जळगावहून चार नवे जॉइंट मीच आणून दिले, मी तसाही जाणारच होतो. हितेंद्रनं चारही खोकी स्वतः उघडून बघितली, परत बंद केली आणि "चारला येतो" म्हणून गेला.

दुपारपर्यंत नानानं चारही जुने काढून घमेल्यात टाकले होते, तीन नवे बसवले होते. लताबाई, त्याची बायको, डबा ठेवून शेजारी कुणाकडे तरी गेली. तो पोत्यावर बसून जेवायला लागला. मी समोर बाकावर. मध्ये दोन हातांचं अंतर, त्याचं तोंड माझ्याकडे. मी खोक्यातला चौथा नवा जॉइंट काढला. घमेल्यातला एक जुना उचलला, डिझेलच्या चिंधीनं पुसला, हलू नये म्हणून आत ग्रीस कोंबलं आणि खोक्यात ठेवला. त्याच्या तोंडासमोर केलं हे सगळं! तो भाकरी मोडत होता.

"काय करी ऱ्हायना रे प्रेमराज?"

"काही नाही नाना. हात पुसतोय."

नवा जॉइंट माझ्या स्कूटरच्या डिकीत गेला.

मला वाटलं होतं, तो बसवून टाकेल, गाडी वाजेल, हितेंद्रला कळेल की म्हातारा संपला. पण माझ्या लक्षात नव्हतं ती टिंबं. जेवण झाल्यावर त्यानं खोक्यातून जॉइंट काढला, ऐरणीवर ठेवला, पंच धरला आणि सवयीनं अंगठा फिरवला. हातोडी वरच राहिली. तीन टिंबं तिथं आधीच होती. त्याचीच, मागच्या खेपेची.

त्यानं पंच खाली ठेवला. मग घमेल्यात हात घालून मोजले. तीनच. मग बाकावर हात फिरवला. पोत्याखाली. जीपखाली आडवा होऊन सगळी जमीन चाचपली, इकडून तिकडे. मी चहा पीत बघत होतो. त्याला वाटलं असणार, आपल्याच हातून खालीवर झालं, नवा कुठंतरी घरंगळला. अहो, एवढंच विचारायचं होतं ना, "प्रेमराज, नवा जॉइंट दिसतो का रे बघ"? पण ते विचारलं की सगळं उघडं पडणार होतं.

मीच विचारलं, "नाना, काही हरवलं का?"

"नही. काहीच नही."

साडेतीन वाजले होते. त्यानं तो जुनाच बसवला. पण टिंबं परत मारली नाहीत. खोटी खूण मारायला त्याचा हात उठला नाही. बाकी तिघांवर ताजी होती.

चारला हितेंद्र आला. घाईत होता, घमेल्याकडे त्यानं बघितलं नाही. नाना म्हणाला, "भाऊ, आज घरलोंग हळू न्या. कोनले बसाडू नका. सकायले परत आना, एक जागा देखनी शे." जमेल तेवढं खरं बोलला बिचारा. रात्रीत कुठून तरी नवा मिळवून सकाळी बसवायचा त्याचा बेत असणार.

हितेंद्र हो म्हणाला. झालं, माझा दिवस वाया. मी म्हटलं, "सकाळी कशाला? पुलावर एक चक्कर मारू की. नानांचं काम आहे, त्यात बघायचं काय!"

नाना काहीतरी बोलणार होता, पण मी दार उघडून आत बसलोसुद्धा.

जाताना काही वाजलं नाही. परतताना ग्रीस गरम झालं आणि पुलाच्या प्रत्येक सांध्यावर आवाज येऊ लागला. कटक. कटक. हितेंद्रनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

शेडवर आल्यावर त्यानं जॅक लावायला सांगितलं आणि मोबाईलचा उजेड घेऊन स्वतः खाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. लताबाई डबा न्यायला आली होती, ती दारातच थांबली.

"नाना," हितेंद्र कपडे झटकत म्हणाला, "तिघांवर ताजी टिंबं आहेत. चौथ्याच्या टिंबांत चिखल भरलाय, रबर फाटलंय. तुम्ही त्यावर नवी टिंबं मारली नाहीत. म्हणजे तो जुना आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"हा."

"घमेल्यात तीनच आहेत. सकाळी चार नवे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. चौथा कुठं आहे?"

नाना घमेल्याची कड चाचपत राहिला.

"दुपारी इथं कोण होतं?"

"प्रेमराज व्हता."

मी बाहेरच्या स्कूटरकडे बघितलं.

"त्याला घेताना पाहिलंत तुम्ही? समोरच बसला असाल ना?"

आता कळलं ना कुठं अडकला होता तो? 'मला दिसत नाही' म्हणावं, तर चोरी धुऊन निघते आणि शेड जाते, आणि आंधळ्या मिस्त्रीला पुन्हा कुणी गाडीखाली शिरू देत नाही. गप्प राहावं, तर चोर. पण चोराला दुसऱ्या गावात काम मिळतं. मला सगळं माहीत होतं, आणि मी जागचा हललो नाही. नवा जॉइंट बाहेर स्कूटरच्या डिकीत, वीस पावलांवर होता.

लताबाई पुढे झाली. "भाऊ, त्यास्ना—"

"लता, चूप!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ओरडताना ऐकलं. मग तो हितेंद्रकडे तोंड करून म्हणाला, "मी कोनलेच देखं नही भाऊ. त्यानं काही लेयेल नही. मीच ठेवी लिधा."

हितेंद्रनं शिवी दिली नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "उद्या माझी आई बसणार होती हिच्यात. बाबांची गाडी म्हणून. तुमच्या भरवशावर." आणि त्यानं पाठ फिरवली.

तिसऱ्या दिवशी शेड रिकामी झाली. नानानं पाने, घोड्या, जॅक सगळं विकून टाकलं. पंच तेवढा सोबत नेला. चौथा जॉइंट मी त्याच संध्याकाळी बसवून दिला. 'धावत जाऊन नवा आणला' म्हणालो. हितेंद्रनं माझे दोन्ही हात धरले.

इथं संपलं असतं तर मीही विसरलो असतो. पण चार महिन्यांनी नरडाण्याहून फोन आला. फुलचंदशेठ म्हणून कुणी, ट्रकच्या कामाचं गॅरेज. "चुडामण नावाचा मिस्त्री लागलाय आमच्याकडे. हात सोन्याचा आहे हो! पण कुणीतरी म्हणतंय, तुमच्याकडे चोरी केली होती. खरं काय ते सांगा, आमचा माल उघड्यावर पडलेला असतो."

'चोरी केली नाही' एवढं बोलून फोन ठेवता आला असता मला. पण हात सोन्याचा, हे शब्द मला झोंबले. शेड माझी, मशीन माझं, आणि इथले लोक अजून येऊन विचारायचे, नाना कुठं असतात? आणि खोटं कशाला बोलू, थोडं असंही वाटलं की माणसावरचा डाग तरी जाऊ दे. दोन्ही एकदमच वाटलं.

मी म्हणालो, "चोर? छे हो शेठ! देवमाणूस आहे. डोळे गेलेत त्याचे, बाकी काही नाही."

चार दिवसांनी अनोळखी नंबर. लताबाईनं लावून दिला असणार. पलीकडून नाना.

"प्रेमराज, तू शेठले सांगेल शे, मी चोर नही. बरं करं रे."

"त्यात काय नाना."

"काम गया मनं. जाऊ दे. पन एक सांग. मना डोयास्नं तुले कसं माहीत पडनं? लताशिवाय मी कोनलेच सांगेल नव्हतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्या दिन तू मना समोरच व्हता. हात पुसत व्हता." मग म्हणाला, "त्या जॉइंटमा ग्रीस लई व्हतं. मी तेवढं भरत नही. तव्हाच समजाले पाहिजे व्हतं माले."

शिवी नाही, तळतळाट नाही. फोन त्यानंच ठेवला.

त्यानं हितेंद्रला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. आता लपवण्यासारखं त्याच्याकडे काही उरलेलं नाही, कधीही सांगू शकतो. मी विचारायला गेलो नाही. गाड्यांच्या आवाजातलं मला अजून ओ की ठो कळत नाही, मशीन सांगेल तेच खरं. पण आबांची ती जीप पुलावर चढली की मला आत बसल्या बसल्या कळतं. हातातलं काम थांबतं. ती शेडपाशी वेग कमी करते का, एवढंच मी ऐकत बसतो.