बिनहत्यारी फौजदार

फौजदार खुर्चीत बसताना आधी उजव्या कमरेपाशी हात नेऊन तिथलं काहीतरी मागे सारायचे आणि मगच टेकायचे. तिथं काहीही नसायचं. पट्ट्याला अडकवलेलं ऑफिसचं ओळखपत्रसुद्धा डाव्या बाजूला असायचं. नव्या माणसाला वाटायचं, यांना पाठीचा त्रास असणार. आमच्या रिसेप्शनवरच्या रोहानाने एकदा त्यांना कंबरदुखीचं मलम आणून दिलं. त्यांनी मनापासून आभार मानले आणि ते गुडघ्याला लावून संपवलं.

ते पोलिसात कधीच नव्हते. सांगलीकडच्या एका कारखान्यात ते पर्सोनेल मॅनेजर होते. तिथं संप चिघळला, त्यांना धमक्या यायला लागल्या, तेव्हा मालकांनी खटपट करून त्यांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळवून दिला. संप मिटला, पण रिव्हॉल्व्हर कमरेला राहिलं ते राहिलंच. कामगारांनी त्यांचं नाव फौजदार ठेवलं. पन्नाशीत सिंगापूरची नोकरी मिळाली, तेव्हा हत्यार त्यांनी तिकडेच जमा केलं आणि नाव मात्र बरोबर आणलं. इथल्या लोकांच्या तोंडी त्याचं ‘मिस्टर फोजा’ झालं. मी पुण्याची, त्यांच्या मुलीच्या वयाची. मी त्यांना काका म्हणायची.

गोदामांतली यंत्रं चालवणारी सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवायची. चांगी विमानतळाजवळ ऑफिस आणि त्याला लागूनच यंत्रांच्या चाचणीची शेड. काका तिथले सेफ्टी मॅनेजर. आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आपल्या केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढून स्टोअरमध्ये ठेवून दिलं. आमच्या साहेबीण, लिम मॅडम, म्हणाल्या, “मिस्टर फोजा, दार कुठं गेलं?”

“मॅडम, एसीची हवा खेळती राहते.”

लिम मॅडम शिस्तीच्या बाई. त्यांनी स्टोअरच्या यादीत ‘दार, एक’ अशी नोंद करून घेतली.

काकांच्या फायर ड्रिलला आम्ही सगळे टरकून असायचो. घंटा वाजली की ऑफिस रमतगमत खाली उतरायचं, कुणी कॉफीचा कप घेऊन, कुणी फोनवर बोलत. एकदा सगळे खाली जमले, टीमप्रमुखांनी ‘सगळे हजर’ म्हणून सांगून टाकलं आणि आम्ही वर परतलो. कामं सुरू झाली. बऱ्याच वेळाने फौजदार पुरुषांच्या स्वच्छतागृहातून शांतपणे बाहेर आले आणि मधोमध उभे राहून म्हणाले, “आजच्या ड्रिलमध्ये मी मेलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.” मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “तू तरी सुतक पाळ गं. आज जेवणात गोड खाऊ नकोस.” पुढच्या ड्रिलला लोक एकमेकांना अक्षरशः हाताला धरून मोजत होते.

माझी मुलगी त्यांच्यावर फिदा होती. रविवारी ते हौगांगहून आमच्याकडे पासिर रिसला यायचे आणि तिला सांगलीच्या गोष्टी सांगायचे. ती ऐकायची मराठीतून आणि उत्तर द्यायची सिंगापुरी इंग्रजीत, “अंकल, यू ब्लफ लाह!” काका म्हणायचे, “ब्लफ नाही बाळ, थोडं मीठ घातलंय.”

अशात अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसकडून एक विचारणा आली. तिकडच्या पार्किंगमध्ये कामावरून काढलेला एक माणूस बंदूक घेऊन आला होता. कुणाला इजा झाली नाही, पण लोक हादरले. आता ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना स्वतःचं पिस्तूल ऑफिसात बाळगू द्यावं का, यावर सगळ्या शाखांच्या सेफ्टी मॅनेजरांचं मत हवं होतं. सिंगापुरात बंदूक बाळगली तर तुरुंग आणि फटके, चालवली तर फाशी. लिम मॅडम म्हणाल्या, “इथं चालत नाही म्हणून कळवून टाका. फिनिश लाह.”

“मॅडम, त्यांनी कायदा नाही विचारला. मत विचारलंय,” काका म्हणाले. “आणि या ऑफिसात पिस्तूल वागवलेला माणूस मी एकटाच आहे.”

दुसऱ्या दिवशी ते हौगांगच्या दुकानातून पाण्याचं पिस्तूल घेऊन आले. हिरव्या-नारिंगी प्लास्टिकचं, लांबूनही कुणी खरं समजणार नाही असं. ऑफिसातल्या सगळ्यांत गरीब माणसाच्या कमरेला ते द्यायचं आणि काय होतं ते बघायचं, असं त्यांनी लिम मॅडमना पटवलं. गरीब कोण, यावर चर्चाच झाली नाही. रोहाना झुरळालाही ‘सॉरी’ म्हणायची.

“खरा धोका दिसला तरच चालवायचं,” काकांनी तिला बजावलं. “धोका आहे की नाही, ते तूच ठरवायचं.”

पहिल्या दिवशी नुसती धमाल. प्रत्येक जण हात वर करूनच रोहानासमोरून जायचा. मग हळूहळू गंमत बदलली. तिच्या काउंटरवर रेलून गप्पा मारणारे इंजिनिअर दोन हात लांब उभे राहायला लागले. शेडमधला सेंग तिला रोज चिडवायचा, तो गप्प झाला. रोहानाही बदलली. प्रिंटरकडे जाताना पिस्तुलावर हात ठेवून चालायला लागली, आणि रांगेतले लोक हसत हसत का होईना, तिला पुढे जाऊ द्यायला लागले. मला गंमत वाटत होती. काका मात्र बिनदाराच्या केबिनमधून नुसते बघत होते.

आणि एका दुपारी मागच्या दाराने एक कुरिअरवाला ढकलगाडी घेऊन घाईघाईने आत आला. दार भिंतीवर आपटलं. रोहाना दचकून वळली आणि तिने सगळं पाणी त्याच्या तोंडावर रिकामं केलं.

ऑफिस खदाखदा हसलं. चष्मा पुसत तो कुरिअरवालाही हसला. दोघंच हसले नाहीत. रोहाना रडायला लागली, “मी बघितलंच नाही कोण आहे,” असं पुन्हा पुन्हा म्हणत. आणि फौजदारांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी स्वतःच्या रुमालाने त्या माणसाचे खांदे पुसले, त्याला कॉफी पाजली आणि पिस्तूल काढून घेतलं. प्रयोग तिथंच थांबला.

त्या शनिवारी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी साते, म्हणजे काडीवर भाजलेलं चिकन, खात बसलो होतो. माझा नवरा आणि मुलगी सायकलवर गेले होते. मी म्हटलं, “काका, पाणीच होतं की. एवढं काय मनाला लावून घेता?”

त्यांनी काडीवरचा मसाला बोटाने निरपला. मग म्हणाले, “कारखान्यात एकदा असाच एक जण धावत आला. लेथवरचा गडी. दिवेलागणीची वेळ, मी एकटा. धाडकन दार उघडलं आणि तो आत. संप मिटून वर्ष झालं होतं, पण हाताला ते कुठं ठाऊक? मी रिव्हॉल्व्हर काढून त्याच्यावर धरलं.”

“अगं बाई! मग?”

“मग काय. त्याने माझ्याकडे बघितलं, हात जोडले आणि उलट्या पावली निघून गेला. त्याची बायको अडली होती. कंपनीची जीप मागायला आला होता तो. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं.”

माझ्या हातातली काडी तशीच राहिली.

“बायको दुधाच्या टेम्पोत बाळंत झाली. पोरगी झाली, झकास. आता कॉलेजात असेल. गोळी काही सुटली नव्हती, त्यामुळे कुणी तक्रारही केली नाही. पण त्यानंतर माझ्या केबिनमध्ये कुणी धावत आलं नाही बघ. यायचे ते दार वाजवून, खाली मान घालून. ‘काय अडचण?’ म्हटलं की ‘काही नाही साहेब’. आता ज्याला कुणी काही सांगतच नाही, तो कसली डोंबलाची सेफ्टी बघणार?”

म्हणजे एसीची हवा वगैरे सगळं थोतांड होतं. त्यांनी माझ्या ताटलीतली शेवटची काडी उचलली आणि म्हणाले, “तू विचारात पडलीस की माझा फायदा होतो.”

मुख्य ऑफिसशी बोलणं व्हिडिओवर झालं. तिकडचा साहेब, ब्रॅड, सरळ माणूस होता. त्या पार्किंगमध्ये तो स्वतः गाडीखाली लपला होता, त्यामुळे त्याची भीती काही नाटकी नव्हती. काकांनी त्याला जीपची गोष्ट सांगितली, तीही मीठ न घालता. ऐकून घेऊन ब्रॅड म्हणाला, “पण मिस्टर फोजा, खरोखरच कुणी बंदूक घेऊन आला आणि तुमच्याकडे काही नसलं, तर?”

“तर कदाचित मी मरेन, सर,” काका म्हणाले. “पण तो बंदूक घेण्याआधी माझ्याकडे येऊन दोन शिव्या देऊन गेला असता, अशी सोय मला करायची आहे.”

ब्रॅड ‘थँक यू’ म्हणाला. तिकडे त्यांनी शेवटी परवानगी दिलीच. आमच्या शाखेच्या नावापुढे ‘लागू नाही’ असा शेरा आला. लिम मॅडम म्हणाल्या, “मी हेच एका ओळीत सांगत होते.”

पुढच्या वर्षी कामं आटली आणि शेडमधल्या काही जणांना काढलं. त्यात सेंग होता. नंतर एका सकाळी रोहाना धावतच काकांच्या केबिनमध्ये शिरली. सेंग खाली लिफ्टपाशी बाकावर बसला होता. मांडीवर पिशवी, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, आणि हाक मारली तरी बोलत नव्हता.

लिम मॅडमनी पोलिसांना बोलवायला फोन उचलला. काका म्हणाले, “मी त्याच्याजवळ बसतो. काही वावगं दिसलं तर लगेच करा.” आधी त्यांनी सगळ्यांना मागच्या जिन्याकडच्या खोलीत नेलं, पुढचं दार आतून लावून घ्यायला सांगितलं आणि मग खाली गेले. आम्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत होतो. आवाज येत नव्हता. फौजदार त्याच्या शेजारी बसले आणि बोलायला लागले. सेंग समोर बघत राहिला. काका बोलतच होते, मधेच हातवारे करून काहीतरी मोठ्ठं दाखवत होते. आणि एकदम सेंगचे खांदे हलले. रडला की हसला, पडद्यावर कळलं नाही. मग दोघं उठून हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या, दिशेने निघून गेले.

काका दुपारी एकटेच परतले. सेंगने नोकरी गेल्याचं घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी आवरून निघायचा आणि कुठंतरी बसून राहायचा. संध्याकाळी काका त्याच्याबरोबर घरी गेले आणि त्याच्या बायकोपुढे तो सांगेपर्यंत बसून राहिले.

“आणि पिशवीत काय होतं?” मी विचारलं.

“पिशवी त्याची आहे,” ते म्हणाले.

फौजदारांचा सिंगापुरात काम करायचा पास पुढे वाढला नाही. काकूंना घेऊन ते सांगलीला परत गेले. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात केबिनला दार बसवून घेतलं. मी तीन दिवस कुरकुर केली, मग सवय झाली. पुढे मला मिळालेल्या केबिनला मात्र मी अजून दार लावू दिलेलं नाही. कुणी विचारलं तर मी एसीचं कारण सांगते.

परवा परवा टॅक्सीत बसले, तर चालवणारा सेंग! त्याने आरशातून ओळखलं आणि गाडी सुरू करायच्या आधीच विचारलं, “फोजा कसा आहे?” पूर्ण रस्ताभर आम्ही काकांविषयीच बोललो. उतरताना मला राहवलं नाही. म्हटलं, “सेंग, त्या दिवशी पिशवीत काय होतं?”

तो मागे वळून हसला. “फोजाने कधी विचारलं नाही. तू कशाला विचारतेस?”

घरी येऊन मी सांगलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काका खूश झाले. म्हटलं, “काका, तुम्ही खरंच विचारलं नव्हतं?”

“नाही गं. काही निघालं असतं तर मला पोलिसांना कळवावं लागलं असतं. आणि निघाला असता नुसता भाताचा डबा, तर त्या माणसाच्या शेजारी पुन्हा कुठल्या तोंडाने बसलो असतो?”

मागून काकूंची हाक ऐकू आली. पानं वाढली होती. “चल, ठेवतो,” फौजदार म्हणाले, “इथला धोका खरा आहे.”