मेथी निवडताना सांगितलेलं आयुष्य

इथल्या लिटिल इंडिया या भारतीय बाजारातून आणलेली मेथीची जुडी आज सोडली आणि तिच्या ओल्या, कडसर वासाने कॉलेजच्या पहिल्या वर्षातली एक दुपार आठवली.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. तत्त्वज्ञानाच्या पहिल्याच परीक्षेत नापास झाले होते आणि शिक्षण सोडायचं ठरवलं होतं. आईला कसं सांगावं ते कळत नव्हतं. ती पुंगोल उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पेपर पसरून मेथी निवडत होती. मीही शेजारी बसले.

"काय शिकवतात गं तुला?" तिने विचारलं.

मी एका पोलिश तत्त्वज्ञ बाईंबद्दल सांगितलं. युद्धातून त्या वाचल्या, पण नंतर कित्येक वर्षं कैदेत, छावणीत राबल्या.

"तिथे पुस्तकं होती?"

"कुठली गं आई."

"मग शिकलेलं विसरली असेल."

"बरंचसं. सुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून अभ्यासाला बसल्या."

"तेव्हा वय काय?"

"चाळिशीला आलेल्या."

आईने एक काडी मोडली. "आणि तू एकोणीस वर्षांची. बस की परत परीक्षेला. तिला चहा करून द्यायलाही कुणी नसेल. मी देते."

मी नापास झाल्याचं तिला सांगितलंच नव्हतं. मी पुन्हा परीक्षेला बसले. आता वाटतं, तिचा एकेक प्रश्न माझ्यासाठीच होता.

पुढच्या आठवड्यापासून पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या बाईंबद्दल मी शिकवणार आहे. आई विचारते आहे, मागच्या बाकावर तिला बसू देतील का.