घोयऱ्याचा घास

वैशाखात आई गेली. दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवला, आणि त्या दिवसापासून एका सरड्याला भरवण्याचे काम माझ्याकडे आले.

मार्कंडेय नदीच्या काठी पिंड मांडून आम्ही उन्हात उभे होतो. कावळा समोरच्या जांभळावर बसलेला. पण खाली उतरायचे नाव घेईना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, ती पुरी करण्याचा शब्द द्यावा लागतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. येळ्ळूरला दिलेली माझी थोरली बहीण, आक्का, पुढे झाली.

"आई, आप्पास्नी मी उपाशी ठेवत न्हाय. सुखानं जा!"

कावळ्याने पंख खाजवला.

"ह्याचं लगीन करतो गं!" (हे माझ्याविषयी. मला कोणी विचारले नव्हते.)

कावळ्याने मान फिरवली. (त्याच्याविषयी मला प्रथमच आदर वाटला.)

आप्पा, आमचे वडील, मागे उभे. आई गेल्यापासून ते कोणाशी बोललेच नव्हते. दोन घास चिवडून ताटावरून उठत. शेवटी उन्हाने तांबडे झालेले भटजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही तरी बोला काही!"

मी शाळामास्तर, दिवसभर बोलणे हाच माझा धंदा. पण ऐन वेळी काही सुचेना, आणि तोंडातून निघून गेले, "आई, तुझ्या घोयऱ्याला मी सांभाळीन!"

वाक्य संपायच्या आत कावळ्याची चोच भातात होती!

घोयरा म्हणजे रंग बदलणारा, म्हाताऱ्यासारखा झुलत चालणारा सरडा. आदल्या पावसाळ्यात परसातल्या कढीलिंबावर कावळे त्याला टोचत होते, तेव्हा आईने काठी घेऊन त्याला सोडवले होते. तेव्हापासून तो त्याच झाडावर राही, आणि आई त्याला हाताने नाकतोडे भरवी. मी हा सोहळा खिडकीतून पाहत असे. खिडकी लावून.

"ह्यो कावळा त्यातलाच असंल," घरी येताना आक्का म्हणाली. "तू पोसणार, आन् ह्यो खाणार! म्हणून तर एवढा खूश झाला."

पण परसात गेलो तेव्हा तिचेही हसू गेले. आई गेल्यापासून घोयऱ्याने काही खाल्ले नव्हते. अंग काळवंडलेले, डोळे खोल गेलेले, बरगड्या मोजाव्यात अशा. झाडाखाली आप्पा बसलेले. दोघांची तब्येत सारखीच दिसत होती.

"त्येला काय झालं तर आप्पा उठायचे न्हायत बघ," आक्का हळूच म्हणाली. "कायतरी कर रं."

मी केले. पुस्तक उघडले! शाळेच्या कपाटातून प्राण्यांवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला. पानाच्या तळाशी स्पष्ट लिहिले होते की हा प्राणी केवळ हवेवर जगतो. झाले! रोज संध्याकाळी घोयऱ्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली झाकून (झाकायची आक्का, डालगे धरायचो मी, हात लांब करून) किल्ल्याच्या खंदकाकडे वाऱ्याला नेऊ लागलो. खडेबाजारातून मुंडण केलेला मास्तर डालगे घेऊन चाललेला पाहून लोक थांबत.

"काय मास्तर, तेरावं व्हायच्या आधीच कोंबडी आणलासा व्हय?"

हवा भरपूर खाल्ली, पण घोयरा आणखीनच वाळला. तेव्हा कुठे मी पान उलटले. पुढच्या पानावर वाक्य पुरे होत होते: असे पूर्वीचे अडाणी लोक समजत.

"तहानलं असंल," पाठीमागून आवाज आला. आप्पा! हातात देवपूजेची पळी!

"आप्पा, ती देवाची पळी हाय!" आक्का ओरडली.

"धुतली की झालं."

आई गेल्यापासूनचे हे त्यांचे पहिले बोलणे. पळीने ते कढीलिंबाच्या पानावर थेंब थेंब सोडू लागले, आणि घोयरा हळूहळू चाटू लागला. आक्काने देवासाठी दुसरी पळी काढली.

पाणी झाले, अन्नाचे काय? मी नाकतोडा धरला आणि डोळे मिटून हात पुढे केला. नाकतोडा बाहीत शिरला. मी परसभर उड्या मारल्या.

"शाळंत असंच शिकवतोस व्हय रं?" आक्का म्हणाली.

घाम पुसत मी झाडाला टेकलो. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "हलू नको."

"का?"

"तुझ्या डोस्क्यावर माशी बसलीया. त्यो बघायलाय."

"मग हाकला की!"

"उपाशी जिवाच्या तोंडचा घास हाकलू व्हय? वाक!"

मी वाकलो. आणि नव्या कोऱ्या गोट्यावर सट्कन एक ओला, चिकट फटका बसला! मी ओरडलो, "आई गं!"

मग आप्पा हसले. पोट धरून, उपरण्याने डोळे पुसत, खूप वेळ हसले. डोळे पुसणे हसण्यानंतरही चालू राहिले. मग म्हणाले, "आक्का, भाकरी हाय काय गं?"

पुढे रोजचा नेमच झाला. आक्का माझ्या डोक्याला गूळपाणी चोळी, आप्पा "वाक!" म्हणत, आणि मी वाके. घोयऱ्याची एक माशी, की आप्पांचा एक घास. शेजारीपाजारी कुंपणापलीकडून ही पंगत बघत, कोणी वरून म्हणे, "मास्तर, जरा डावीकडं!" घोयरा हिरवा झाला, आप्पांच्या गालांवर मांस आले. माझे केस वाढले तोवर तो आपले आपण धरून खाऊ लागला होता. मला कामावरून काढले.

आईने जाता जाता घरातल्या दोघांच्या जेवणाची सोय लावली, आणि ती माझ्या डोक्यावर लावली, याबद्दल त्या कावळ्याचा मी आजही आभारी आहे.

आता आप्पा नाहीत. घोयराही नाही. केस वयाबरोबर गेले. उन्हाळ्यात टाळूवर माशा येऊन बसतात. मी त्यांना हाकलत नाही.