हलकी बुचं, जड वाट्या

आता मला ऐकू येत नाही याचं कुणाला काही वाटत नाही. पंचाहत्तरी उलटलेल्या म्हाताऱ्याला कमी ऐकू येणारच, त्यात काय एवढं! सूनबाई हातवारे करते, नातवंडं कानाशी येऊन ओरडतात. पण माझे कान म्हातारपणानं गेलेले नाहीत. ते पस्तिशीतच गेले होते आणि सोलापुरातल्या नोकरीत मी ते सगळ्यांपासून लपवून ठेवलं. त्याची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्याच माणसाला झाली. म्हणून हे लिहायला बसलोय.

मी पोलीस खात्यात हवालदार होतो. शहराबाहेर माळावर चांदमारीचं मैदान होतं, म्हणजे रायफलीचा नेम शिकवायची जागा. तिथला उस्ताद मी. नवीन भरती झालेली पोरं रांगेत पालथी झोपवायची, रायफल खांद्याला नीट टेकवायला लावायची आणि डोक्यावर उभं राहून हुकूम द्यायचा. असं पंधरा वर्षं केलं. थ्री-नॉट-थ्रीचा आवाज जवळून ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. एकेका वेळी दहा-दहा रायफली उडायच्या आणि कानात खिळा ठोकल्यागत व्हायचं. फार तर एखादा कापसाचा बोळा घालायचा. पण उस्तादानंच कापूस घातला तर पोरं हसतील की! म्हणून मी कधी घातला नाही. मोठा शहाणा लागून गेलो होतो.

कान एकदम जात नाहीत. आधी बारीक आवाज जातात. माझे पहिल्यांदा रातकिडे गेले, मग सायकलची घंटी गेली, मग बायकोच्या बांगड्या. गिरणीचा भोंगा मात्र खणखणीत ऐकू यायचा, त्यामुळे मी स्वतःचीच समजूत घालायचो की आपलं बरं चाललंय. बायकोनं आधी ओळखलं.

"अवं, मी काय भिंतीसंगं बोलायलेय का?" एकदा ती वैतागून म्हणाली. "डागदरला दाखवा की एकदा."

"दाखवलं की अनफिट लिहितो त्यो," मी तिच्यावर खेकसलो. "उस्तादकी जाती आन् कुठल्यातरी गेटावर पहारा करत बसावं लागतंय. चालंल का तुला?"

 त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. फक्त काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहू लागली.

बाहेर मी माझ्या युक्त्या शोधल्या होत्या. बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायचं. डावा कान जास्त गेलेला, म्हणून कायम समोरच्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, म्हणजे आपला उजवा कान त्याच्याकडं येतो. साहेब काही सांगू लागले की खिशातली वही काढून "सर, जरा शब्द न् शब्द लिहून घेतो" म्हणायचं, म्हणजे ते सावकाश बोलतात. साहेबांना वाटायचं, काय दक्ष हवालदार आहे!

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर पुढच्या वर्षी माझ्या मदतीला एक शिपाई आला. मोहोळकडचा पोरगा, लग्न होऊन वर्ष झालेलं. पालथ्या पडलेल्या पोरांच्या मधून फिरायचं, कुणाची रायफल अडकली तर वाकून मोकळी करून द्यायची, हे त्याचं काम. म्हणजे रायफलीच्या तोंडाशी माझ्यापेक्षा तोच जास्त जवळ. कामाला वाघ होता आणि स्वभावानं गरीब. मी शिव्या घातल्या तरी "व्हय उस्ताद" म्हणून हसायचा.

त्याला एकच वेड होतं, बिनतारी विभागात जायचं. एका बंदोबस्तात त्याला वायरलेसच्या जीपमध्ये बसायला मिळालं होतं आणि तिथल्या माणसानं कौतुकानं त्याच्या कानाला यंत्र लावलं होतं. लांबून कुठून तरी आलेलं ते कट्ट-कड-कट्ट त्यानं ऐकलं आणि गडी पागल झाला. "उस्ताद, आमच्या गावात तार आली की आदी रडारड सुरू व्हती, मग कागद उघडत्यात," तो मला म्हणायचा. "मी तार नसलेली तार धाडणार बगा." जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाता खाता डब्याच्या झाकणावर नखानं तारेची कट्ट-कड अक्षरं वाजवायचा आणि विचारायचा, "ओळखा, कंचं अक्षर?" मी म्हणायचो, "चटणी दे इकडं, डोकं खाऊ नको." ते वाजवणं मला ऐकूच यायचं नाही. दीड वर्षानं त्याची परीक्षा होती. साहेबांनी अर्ज पुढं धाडला होता.

त्याच सुमारास वरून एक खोकं आलं. साहेबांनी मला बोलावलं. मी त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. खोक्यात कान झाकायच्या वस्तूंचे दोन नमुने होते. एक हलका, मऊ रबराची दोन बुचं, काडेपेटीएवढ्या डबीत मावतील अशी. दुसरा जड, डोक्यावरून जाणारी पोलादी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना आतून गादी लावलेल्या दोन मोठ्या वाट्या.

"दोन्हींपैकी एकच घ्यायचं आहे, मैदानावर कायम राहणाऱ्यांसाठी," साहेब म्हणाले. "पंधरा वर्षं गोळीबार ऐकलेला माणूस माझ्याकडे तुमच्याशिवाय कोण आहे? दोन्ही लावून बघा आणि अहवाल द्या. तुम्ही म्हणाल ते मागवू."

 पंधरा वर्षं गोळीबार ऐकलेल्या माणसाला आता काही ऐकू येत नाही, हे कसं सांगणार? "जी सर" म्हणून खोकं उचललं.

मैदानावर जाऊन आधी बुचं घातली आणि वीस गोळ्या झाडल्या. मग वाट्या चढवल्या आणि वीस झाडल्या. मग काहीच न लावता पाच. खरं सांगतो, मला तिन्ही वेळेला सारखंच वाटलं. रायफल मी कानानं ऐकतच नव्हतो. ती मला खांद्यात कळायची, छातीत कळायची. कानात नुसतंच बोदं काहीतरी व्हायचं. आंधळ्याला विचारावं, हिरवं लुगडं बरं की निळं, तशी माझी गत झाली होती.

मग शिपायाला लावायला दिलं. त्यानं दोन्ही लावून पाच-पाच गोळ्या मारल्या.

"उस्ताद, जड वाट्या लई ब्येस," तो म्हणाला. "बुचात कान आतनं ठणकतोय. शिट्टी वाजतीय अजून."

हे मला ऐकू आलं होतं, आणि ते खरं आहे हेही माझ्या ध्यानात आलं होतं. ती शिट्टी मला चांगली ठाऊक होती. माझीही अशीच सुरू झाली होती. पण मला राग आला. कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. कालचं पोर दोन मिनिटांत सांगतंय आणि मला चाळीस गोळ्या झाडून कळलं नाही, त्याचा राग असणार.

"कान हायत का जाईची फुलं?" मी ओरडलो. "ह्या वाट्या घालून उन्हाळ्यात उभा ऱ्हा जरा. डोकं शिजंल. वर टोपी कुटं बसवतो? आन् माजा हुकूम तुला ऐकू येणार का त्यात?"

"व्हय उस्ताद, त्ये बी हाय," तो म्हणाला.

यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच तर गंमत. सोलापूरचा उन्हाळा, माळावर झाडाचं नाव नाही, त्या वाट्यांखाली घामाच्या धारा लागायच्या आणि पट्टी टाळूत रुतायची. बुचं खिशात मावायची. अहवालात मी हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं. फक्त एक वाक्य खोटं लिहिलं, "आवाज अडवण्यात दोन्ही नमुने सारखेच आहेत." शिपाई काय म्हणाला ते लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर साहेबांनी विचारलं असतं, त्याला फरक कळला तर तुम्हाला कसा कळला नाही? आणि मग डॉक्टर, आणि मग गेट.

बुचं मागवली गेली. वाट्या परत गेल्या.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष तो शिपाई ती बुचं घालून रायफलींच्या तोंडाशी फिरला. घामानं ती निसटायची. माझा हुकूम ऐकायला तो कधी एक काढून हातात धरायचा आणि तेवढ्यात रायफली उडायच्या. मी बघत होतो. दुपारी तो डब्याच्या झाकणावर वाजवायचा, तेही बघत होतो. पुढं पुढं तो झाकण कानाशी धरून वाजवायला लागला. तेही मी पाहिलं, आणि मुकाट्यानं भाकरी खाल्ली.

परीक्षेहून परतला त्या रविवारी सकाळी तो माझ्या क्वार्टरवर आला. बायकोनं त्याला चहा दिला. कप त्यानं नुसताच हातात धरून ठेवला.

"नापास झालो, उस्ताद," तो म्हणाला. "लेखी पेपरात समदं आलं. पर कानाला यंत्र लावल्यावर त्यो बारीक आवाजच ऐकू येईना. मधलीमधली अक्षरं जायची. मग डागदरनं तपासलं. म्हणला, बारीक आवाजाची नस मेलीय, आता न्हाय यायची."

 "बुचं वापरत हुतास की," एवढंच माझ्या तोंडून गेलं. माझी जीभ झडली कशी नाही तेव्हा!

"बुचाचा काय दोष न्हाय," तो म्हणाला. "तुमी सोता वीस-वीस गोळ्या मारून बगितल्या होत्या की. माजंच कान नाजूक. आमच्या घराण्यातच असंल."

माझी बायको दारातून आत निघून गेली. तिला माझ्या कानांचं सगळं माहीत होतं.

"उस्ताद, आता मला अनफिट करत्याल का?" त्यानं विचारलं. "बायकूला दिवस गेल्यात. नोकरी गेली तर काय करू?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याला धीर द्यायला लागलो. म्हटलं, काही होत नाही, मी सांगतो तसं कर. कुठल्या कानानं जास्त ऐकू येतं ते आधी ओळख आणि तो कान माणसाकडं ठेव. ओठांकडं बघ, पण टक लावून नको. साहेब बोलायला लागले की वही काढ. अंधारात कुणाशी बोलायला थांबू नको. कुणी हसलं तर आपणही थोडं हसायचं, पण सगळ्यांच्या आधी नाही. मी सांगत सुटलो. पोराचं काहीतरी भलं करतोय असंच मला वाटत होतं. सांगता सांगता वर बघितलं तर तो माझ्याकडं एकटक बघत होता. चहावर साय धरली होती.

"तुमाला हे कसं ठावं?" त्यानं विचारलं.

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि खिडकीकडं बघायला लागलो. तो उठला, वळसा घालून माझ्यासमोर आला, उजेडात तोंड धरून ओठ मोकळे हलवत त्यानं सावकाश विचारलं, "उस्ताद, तुमाला कदीपासनं ऐकू येत न्हाय?"

"तू यायच्या आधीपासनं," मी म्हणालो.

त्याला उलगडायला फार वेळ लागला नाही. "मग ती चाचणी?" त्यानं विचारलं. मी मान खाली घातली. तो ओरडला असता, अंगावर आला असता तर बरं झालं असतं. त्यानं कप जमिनीवर ठेवला, चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर साहेबांनी मला पाठीमागून हाक मारली म्हणे. दोनदा मारली. मला पत्ताच नाही. तो पोरांच्या रांगेतून पळत आला आणि साहेबांना माझ्या कानांचा संशय येऊ नये म्हणून माझ्यासमोर सलाम ठोकून उभा राहिला. ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "हवालदार, साहेब बोलवायलेत."

पुढं त्याची बदली होईपर्यंत चार वर्षं तो मला असाच सांभाळत राहिला. उस्ताद मात्र पुन्हा कधी म्हणाला नाही.